सातवा अंश

भादव्यात कवडू नेवारे पोतं खांद्यावर टाकून
अमरावती रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत येतो.
काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतलं तण.
"मालक म्हणते, उपटून फेक. तुम्ही म्हणता, उपटून आण.
मले काय, उपटाचंच आहे."
फांदी उलटी करून दाखवतो :
पानांच्या पोटाखाली मोहरीएवढी फळं, ओळीनं,
उधारी मागच्या पानावर मांडावी तशी.
भुईआवळा.

सावलीत वाळवला, दळला, मिथेनॉलमध्ये बुडवला.
फिरत्या चंबूतून द्रव उडून गेला
आणि तळाशी उरली काळपट हिरवी राब,
गुळाच्या कढईला उरते तशी, फक्त कडू.
(चाखायची नसते. मी चाखली.)
मग काचेच्या नळीतून थेंब थेंब खाली :
पहिला अंश पिवळा,
चौथा रंगहीन,
सातवा नुसता धुरकट, नाव नसलेला.

कवडूला मी विचारलं नव्हतं.
साळीच्या ऑपरेशनला मेडिकलमध्ये रक्त द्यायला गेला होता,
आठ दिवसांनी फोन आला, तुमचं रक्त चालत नाही.
"चालत नाही म्हंजे? धावते तं आहे अंगात."
बी. एवढं एक अक्षर कागदावर.
तेव्हापासून त्याची थाळी वेगळ्या फळीवर.
थाळीनं पसरत नाही, मी दोनदा सांगितलं.
तो दोन्ही वेळा हो म्हणाला.
थाळी तिथंच आहे.

पारडीच्या पुढं एक बाई कावीळ उतरवते.
हाताला साल चोळते, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावते,
पाणी पिवळं होतं : पाहा, निघाली.
मी आंब्याची साल आणली, चुना आणला,
माझ्या धडधाकट हातांवर चोळून पाहिलं.
पाणी पिवळं झालं. हळदीच्या अंगासारखं.
कवडूला घंगाळ्यातली ही गोष्ट मी जरा ऐटीतच सांगितली.
तो बराच वेळ नळीकडं पाहत राहिला.
"मंग तुमच्या नळीतला पिवळा कोणाचा?"

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
पेटीत सदतीस हवेत, अंगाइतके,
पेशींना त्याहून जास्त चालत नाही.
त्या पेशी कुण्या दूरदेशीच्या पंधरा वर्षांच्या पोराच्या यकृतातल्या,
पोराला जाऊन कैक वर्षं झाली,
त्या अजून दुप्पट होत राहतात, नागपुरात, माझ्या भरवशावर.
शनिवारी लाइट गेली. पेटीला गार होता येत नाही,
ती फक्त तापू शकते. खोलीत त्रेचाळीस.
मी खिडकीला वाळ्याचे ओले पडदे लावले,
पाइप धरून उभी राहिले रात्री अकरापर्यंत,
जणू आत कुणी तापानं फणफणलंय.
अर्ध्या वाचल्या.

वाचलेल्यांवर सातवा अंश.
विषाणूची खूण निम्म्यावर आली.
मी खुर्चीत बसले. मग उठून दुप्पट मात्रा दिली,
आणि पेशी सुटल्या तळापासून,
पिकल्या पपईच्या बिया सुटाव्या तशा.
म्हणजे उंदीर पळाले,
की घरच जळालं म्हणून उंदीर दिसेनात?
या दोहोंच्या मधे एक अरुंद वाट आहे,
आकड्यात सांगायची तर फारच अरुंद.
वहीत लिहिलं : पुन्हा करून पाहावे.
याआधीच्या पानावरही तेच आहे.

यंदा तो आला तेव्हा सगळं सांगितलं, वाटेसकट.
"किती वर्षं?"
मी म्हटलं, माहीत नाही. तू सहा महिन्यांनी तपासून घे,
डॉक्टर म्हणतील तेव्हा गोळी, चुकवू नको.
पोरींना लस दिली का?
"दिली. लहानी लय रडली."
रस काढून पिऊ नको घरी, मी म्हटलं.
तो हसला, म्हणजे पीत असावा.

दाराशी जाऊन परत वळला.
"पोतं द्या ना रिकामं. बागेत लागते."
मी झटकून दिलं.
फरशीवर मोहरीएवढं काहीबाही सांडलं,
मी झाडू आणायला गेले.